अडकणारे बोट : कोणते इंजेक्शन, आणि कितीदा?

गेल्या वर्षी भात पोटरीत आले होते तेव्हाची गोष्ट. रविवारी सकाळी चर्चच्या ओट्यावर दोघीजणी आपापले उजवे हात पुढे करून एकमेकींना दाखवीत होत्या. एक पन्नाशीची, घरी तीन म्हशी. दुसरी तिच्याहून पाच-सहा वर्षांनी मोठी, भाजीचा मळा सांभाळणारी. दोघींचे दुखणे एकच. धाकटीचा अंगठा अडकायचा, मोठीचे करंगळीशेजारचे बोट. मिटले की मिटलेलेच राही, दुसऱ्या हाताने ओढून सरळ करावे लागे आणि सरळ होताना ‘कट्’ असा आवाज होऊन डोळ्यांत पाणी येई. दोघींनीही तळहातात इंजेक्शन घेतले होते, पण वेगवेगळ्या डॉक्टरांकडे.

‘‘माझं औषध दुधासारखं पांढरं होतं, फादर,’’ धाकटी सांगू लागली. ‘‘आठ दिवसांत अंगठा मोकळा झाला बघा.’’

‘‘आणि माझं नुसतं पाण्यासारखं,’’ मोठी म्हणाली. ‘‘महिना झाला, सकाळी उठलं की अजून अडकतंयच की. मला हलकं औषध टोचलं काय ओ त्यांनी?’’

मी डॉक्टर नाही, तेव्हा त्या दिवशी उत्तर दिले नाही. परंतु प्रश्न मनात राहिला. ओळखीच्या दोन डॉक्टरांना विचारले, या विषयावर झालेले अभ्यास त्यांच्याकडून समजून घेतले. या पानाच्या वाचकांत हाताने काम करणारेच अधिक. बोट अडकलेला माणूस विळा धरू शकत नाही की धार काढू शकत नाही. म्हणून जे समजले ते येथे देत आहे.

दुखणे आहे तरी काय?

आपल्याकडे या दुखण्याला एक ठरलेले नाव नाही. कोणी बोट अडकते म्हणतो, कोणी बोट आखडले म्हणतो. डॉक्टर त्याला ‘ट्रिगर फिंगर’ म्हणतात. ट्रिगर म्हणजे बंदुकीचा चाप. ओढलेला चाप सुटावा तसे मिटलेले बोट एकदम झटक्याने सुटते, म्हणून हे नाव. १८५० साली नोटा नावाच्या फ्रेंच डॉक्टरने या दुखण्याचे वर्णन प्रथम केले आणि तळहातात लागणाऱ्या गाठीला आजही त्याचेच नाव आहे.

बोटे मिटवणारे मोठे स्नायू बोटांत नसतात, हे पुष्कळांना ठाऊक नसते. ते असतात कोपराच्या खाली. तेथून चिवट दोऱ्या निघतात, मनगटातून तळहातात येतात आणि बोटांच्या पेरांपर्यंत पोचतात. या दोऱ्यांना कंडरा म्हणतात. प्रत्येक बोटाला अशा दोन, अंगठ्याला एक. बोट मिटताना ही दोरी हाडापासून सुटून धनुष्याच्या दोरीसारखी वर येऊ नये म्हणून जागोजागी कड्या असतात. त्यांतली पहिली कडी बोटाच्या मुळाशी, तळहाताच्या बाजूला असते. बिघाड होतो तो येथेच. कडी आतून जाड होते, दोरीवर गाठ येते, आणि गाठ कडीत अडकते. परकराच्या नेफ्यातून नाडी ओढताना तिला गाठ असली तर काय होते ते घरातल्या कोणाही बाईला सांगायला नको. जोर लावला की गाठ झटक्याने पलीकडे जाते, आणि परत यायला पुन्हा तेवढाच जोर लागतो.

आपले आपण पाहायचे तर तळहात वर करून बोटाच्या मुळाशी अंगठ्याने दाबावे आणि बोट हलवावे. तेथे हरभऱ्याएवढी गाठ बोटाबरोबर मागेपुढे सरकताना लागते आणि दाबले की दुखते. सकाळी त्रास जास्त, दिवस वर येईल तसा कमी. दुखते मात्र पुष्कळदा मधल्या सांध्यात, त्यामुळे माणूस तेथेच तेल चोळीत बसतो.

शंभरातल्या दोन-तीन माणसांना आयुष्यात कधीतरी हे दुखणे होते. पुरुषांपेक्षा स्त्रियांना जास्त, आणि बहुधा पन्नाशी-साठीत. मधुमेह असलेल्यांत हाच आकडा शंभरात दहापर्यंत जातो. ही गोष्ट लक्षात असू द्यावी, पुढे तिचे काम पडणार आहे. थायरॉइड मंदावलेल्यांना आणि संधिवाताच्या रोग्यांनाही हे अधिक होते. खुरपे, कोयता, छाटणीची कात्री, फवारणीच्या पंपाचा दांडा घट्ट धरून दिवसभर काम केल्यानेच हे होते काय, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. पण एकदा दुखू लागल्यावर घट्ट पकडीने ते वाढते, हे ज्याला झाले आहे तो सांगेलच.

सुईत काय असते

या दुखण्यावर जे इंजेक्शन देतात ते बहुधा स्टेरॉइडचे असते. स्टेरॉइड म्हणजे वेदनाशामक नव्हे. आपल्या मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या ग्रंथी जे रस तयार करतात, त्यांतल्या एका प्रकारची ही औषधे आहेत. त्यांतील कॉर्टिसोनच्या शोधाबद्दल केंडल, राइशस्टाइन आणि हेंच यांना १९५० चे नोबेल पारितोषिक मिळाले, आणि १९५३ पर्यंत अमेरिकेतील हाताच्या शल्यविशारदांनी हायड्रोकॉर्टिसोन हाताच्या दुखण्यांवर वापरून आपले अनुभव छापलेही होते. तेव्हा हा उपचार काही कालपरवाचा नाही.

औषध कडीपाशी गेले की तेथील जाडी व सूज उतरते आणि गाठीला वाट मिळते. हे खरोखर औषधाने होते, की सुई टोचली या समाधानाने? नेदरलँड्समधील घरगुती डॉक्टरांनी हेच तपासले. त्यांच्या अभ्यासात, जो २००८ साली प्रसिद्ध झाला, ५० रोगी होते. निम्म्यांना ट्रायॲमसिनोलोन हे स्टेरॉइड टोचले, निम्म्यांना नुसते मिठाचे पाणी. औषधवाल्या २५ पैकी १६ जणांना गुण आला, पाणीवाल्या २५ पैकी ५ जणांना. म्हणजे औषध खरेच काम करते. आणि पाच जण नुसत्या पाण्याने बरे झाले हेही ध्यानात घ्यावे, कारण पुष्कळ बोटे काही काळाने आपली आपण सुटतात.

दुधी की पाणीदार?

आता त्या दोघींच्या वादाकडे येऊ. दुधासारखे दिसणारे औषध म्हणजे ट्रायॲमसिनोलोन, दुकानात केनाकॉर्ट या नावाने मिळते ते. मिथिलप्रेडनिसोलोन, म्हणजे डेपो-मेड्रॉल, हेही तसेच पांढरे. यांत औषधाचे बारीक कण पाण्यात तरंगत असतात, म्हणून कुपी हलवून घ्यावी लागते. कण टोचल्या जागी साठून हळूहळू विरघळतात. पाण्यासारखे स्वच्छ ते डेक्सामेथासोन. डेक्सोना म्हटले की खेड्यातला पोरही ओळखतो. ते विरघळलेलेच असते, त्यामुळे लवकर पसरून जाते.

साध्या तर्काने कोणीही म्हणेल की साठून राहणारे औषध टिकाऊ आणि पसरून जाणारे तात्पुरते. अमेरिकेत ८४ रोग्यांवर या दोन औषधांची तुलना झाली. तीही २००८ सालीच प्रसिद्ध झाली. सहा आठवड्यांनी पाहिले तर दुधी औषधवाले पुढे होते. तीन महिन्यांनी पाहिले तर फरक उरला नव्हता. अभ्यास करणाऱ्यांनी उलट असे सुचवले की दुधी औषधाचा गुण लवकर येतो, पण कदाचित तितका टिकत नाही. तर्क एकीकडे आणि हात दुसरीकडे, असे वैद्यकात वारंवार होते असे डॉक्टर हसून म्हणाले.

म्हणजे मळेवाल्या अक्कांना हलके औषध टोचलेले नव्हते. त्यांना धीर धरायला कोणी सांगितले नव्हते, एवढेच. नाताळच्या आधी त्यांचे बोट पुरते मोकळे झाले होते.

दुधी औषधाचा एक दोष सांगायला हवा. ते कातडीच्या लगेच खाली राहिले तर तेथली कातडी पांढुरकी पडते आणि खालची चरबी झिजून खळगा पडतो. बहुतेकांत काही महिन्यांनी ते भरून येते. परंतु तळहातावर नेमका विळ्याची मूठ टेकते तेथे गादी पातळ झाली तर काम करताना टोचते. पाणीदार औषधात हा त्रास कमी. हाताने कष्ट करणाऱ्याने डॉक्टरांशी हे बोलून घ्यायला हरकत नाही.

अलीकडे इतरही इंजेक्शने सुचवली जातात. डायक्लोफेनॅक या वेदनाशामकाची स्टेरॉइडशी तुलना करणारा अभ्यास २०१२ साली आला. तीन आठवड्यांनी स्टेरॉइडचा गुण अधिक दिसला, तीन महिन्यांनी दोन्ही सारखे. असे दोन अभ्यास, मिळून २३१ रोगी, एकत्र तपासून २०२१ साली कॉक्रेन या संस्थेने निष्कर्ष काढला की या वेदनाशामकांचा स्टेरॉइडपेक्षा जास्त फायदा दिसत नाही. ज्यांना स्टेरॉइड चालत नाही त्यांच्यासाठी डॉक्टर त्याचा विचार करू शकतात. गुडघ्यात देतात ते हायलुरॉनिक आम्ल बोटातही देऊन पाहिले आहे. छोट्या अभ्यासांत ते स्टेरॉइडच्या बरोबरीला आले, पुढे गेले नाही, आणि पैसे मात्र कितीतरी जास्त पडतात. रोग्याचेच रक्त घुसळून त्यातला अंश टोचण्याचे जे नवे प्रकार निघाले आहेत, त्यांच्यासाठी म्हैस विकण्याची घाई कोणी करू नये.

सोनोग्राफीचे यंत्र लावून टोचले तर गुण जास्त येतोच असेही नाही. सुई नेमकी आवरणाच्या आत गेली पाहिजे असे पूर्वी मानीत. १९९८ सालच्या एका अभ्यासात आवरणाच्या बाहेर, कातडीखाली दिलेल्या औषधानेही तितकाच गुण आलेला दिसला. महत्त्वाचे एवढेच की औषध दोरीच्या पोटात जाऊ नये, कारण त्याने दोरी कमजोर होऊन क्वचित तुटते. म्हणून जाणते डॉक्टर सुई घातल्यावर बोट किंचित हलवायला सांगतात. सुई बोटाबरोबर हलली तर ती दोरीत रुतली आहे असे समजून मागे घेतात.

येथे एक गोष्ट खडसावून सांगतो. बोटासाठी कमरेत घेतलेले डेक्सोनाचे इंजेक्शन हा वर सांगितलेला उपचार नव्हे. तापाला तेच, दम्याला तेच, गुडघ्याला तेच आणि आता बोटालाही तेच, असे टोचून देणारे प्रत्येक बाजाराच्या गावी बसलेले असतात. कमरेत दिलेले औषध अंगभर जाते. दोन दिवस सगळेच दुखणे थांबल्यासारखे वाटते, माणूस पुन्हा तेथेच जातो, आणि वारंवार घेतलेल्या स्टेरॉइडने हाडे ठिसूळ होतात, साखर चढते, रक्तदाब वाढतो.

साखरेचा प्रश्न

म्हशीवाल्या बाईंची गोष्ट अर्धीच सांगितली. आठ दिवसांत अंगठा मोकळा झाला हे खरे. पण इंजेक्शननंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्यांच्या घशाला कोरड पडू लागली, रात्री चार-पाच वेळा उठावे लागले, अंगात त्राण उरले नाही. पावसाळी ताप असेल म्हणून त्या काढा पीत राहिल्या. सुनेने सरकारी दवाखान्यात नेले तेव्हा उपाशीपोटीची साखर अडीचशेच्या वर होती. बाई पाच वर्षांपासून साखरेच्या गोळ्या घेत होत्या. टोचणाऱ्या डॉक्टरांनी विचारले नाही, आणि यांनीही सांगितले नाही. ‘‘बोटाचा नि साखरेचा काय संबंध, फादर?’’ असा त्यांनी मलाच उलटा प्रश्न केला.

संबंध दुहेरी आहे. एक तर तळहातात टोचलेले थोडेसे स्टेरॉइडही रक्तात उतरते आणि मधुमेही माणसाची साखर पाच-सहा दिवस चढी ठेवते. साखर आटोक्यात असेल तर बहुधा निभावते. नसेल तर असा प्रसंग येतो. म्हणून मधुमेह्याने इंजेक्शनपूर्वी साखर तपासून घ्यावी, नंतरचे आठवडाभर अधूनमधून पाहत राहावे, आणि गोळ्या किंवा इन्सुलिन वाढवायचे काय ते डॉक्टरांनाच विचारावे, मनाने वाढवू नये.

दुसरे म्हणजे मधुमेह्याला या इंजेक्शनाचा गुणच कमी येतो. २००७ सालच्या एका अमेरिकन अभ्यासात मधुमेह नसलेल्यांची शंभरातली ८६ बोटे एक-दोन इंजेक्शनांत सुधारली, मधुमेह्यांची ६३. आणि ज्या मधुमेह्यांना स्टेरॉइड न घातलेली सुई दिली होती त्यांचीही ५३ सुधारली. अभ्यास लहान होता, पण त्याचा कल स्पष्ट आहे. मधुमेह्याच्या बाबतीत सुईने मिळणारा लाभ थोडा आणि साखर चढण्याचा धोका नक्की. त्यांनी सुईवर सुई घेत बसण्यापेक्षा साखर ताब्यात आणून शस्त्रक्रियेचा विचार लवकर केलेला बरा, असे दोन्ही डॉक्टरांचे मत पडले.

उलट्या बाजूनेही पाहावे. ज्यांना मधुमेह असल्याचे ठाऊक नाही, पण एकामागून एक दोन-तीन बोटे अडकू लागली आहेत, त्यांनी एकदा साखर तपासून घ्यावी. कित्येकदा बोटच आधी सांगावा धाडते.

किती वेळा टोचावे?

ब्राझीलमध्ये १५० बोटांवर केलेला अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. एका इंजेक्शनाने शंभरात ५७ बोटे सुटली, दुसरे दिल्यावर ८६ पर्यंत गेली. शस्त्रक्रियेने मात्र सगळीच सुटली. त्यानंतर दोन वर्षांनी आलेल्या एका अमेरिकन अभ्यासात पहिल्या इंजेक्शनानंतर दहा वर्षांपर्यंतचा हिशेब पाहिला. शंभरात सुमारे ४५ जणांना पुन्हा काही करावे लागले नव्हते. एका सुईत निम्म्याच्या आसपास लोकांचे काम कायमचे होत असेल तर सौदा वाईट नाही.

परंतु तिसरी सुई, चौथी सुई असे करीत जाण्यात राम नाही. दोन, फार तर तीन, आणि तीही काही महिन्यांच्या अंतराने. त्याहून अधिक सुया म्हणजे दोरीला इजा होण्याची जोखीम, आणि गुण येण्याची आशा दर वेळी कमी. आणखी एक गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. सुई घेतल्यावर लगेच शस्त्रक्रिया केली तर जखम चिघळण्याचा धोका वाढतो, म्हणून शक्यतो तीन महिने थांबतात. तेव्हा शस्त्रक्रिया करायचीच असे ठरले असेल तर ‘तोवर एक सुई घेऊन ठेवू’ हा विचार करू नये.

सुई घेतल्यावर एक-दोन दिवस जास्त ठणकते, त्याला घाबरू नये. दोन-तीन दिवस जड काम टाळावे. मात्र बोट लाल होऊन टरटरून सुजले, जराही सरळ करवेना, ताप आला, तर त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात जावे. असे क्वचित होते, पण झाले तर रात्र काढू नये.

ज्यांचे दुखणे नवे आहे त्यांना सुईची गरजच पडणार नाही असेही होते. रात्री बोटाला पट्टी बांधून मुळाचा सांधा सरळ ठेवायचा, सहा ते दहा आठवडे. आमच्या भागात कोणी हे चिकाटीने करीत नाही, तो भाग वेगळा. लहान मुलाचा अंगठा वाकलेला दिसला तर त्याला मात्र इंजेक्शन देऊ नये. बऱ्याच मुलांचा तो वाढत्या वयात आपोआप सरळ होतो, नाही झाला तर छोटी शस्त्रक्रिया पुरते.

शस्त्रक्रियेची भीती फार आहे, पण काम छोटे असते. जागा बधिर करून सुमारे एक सेंटिमीटरचा छेद घ्यायचा आणि ती कडी उभी चिरून मोकळी करायची. पंधरा-वीस मिनिटांत रोगी बोट हलवून दाखवतो आणि त्याच दिवशी घरी येतो. दहा-बारा दिवसांनी टाके काढतात. कडी कापली तर पकड जाईल काय, अशी शंका येते. तसे होत नाही, पुढच्या कड्या दोरी धरून ठेवतात.

म्हशीवाल्या बाईंचा अंगठा शिमग्याच्या सुमारास पुन्हा अडकू लागला. त्या दुसऱ्या सुईसाठी निघाल्याच होत्या. सुनेने अडवले, आधी साखर आटोक्यात आणली, आणि उन्हाळ्यात, रानात काम कमी असताना, शस्त्रक्रिया करून घेतली. तेथील डॉक्टरांनी त्यांना धार कशी काढता ते करून दाखवायला सांगितले. त्या अंगठा मुडपून सडावर दाबीत, जसे आपल्याकडे पुष्कळजण करतात. या पद्धतीत सगळा जोर वाकलेल्या अंगठ्यावर येतो आणि सडालाही इजा होते, म्हणून जनावरांचे डॉक्टरही ती नको म्हणतात. चारी बोटे नि तळहात यांत सड धरून पुऱ्या मुठीने पिळावे, हे त्यांना आता सुनेने शिकवले आहे. दोन म्हशी त्याला सरावल्या. तिसरी मात्र नव्या हाताला अजून पान्हा सोडत नाही, तिची धार सूनच काढते.